कौलातली गोळी

हे बरीच वर्षं लिहीन लिहीन म्हणत टाळलं. एक तर विषय बंदुकीचा. आपल्या घरात बंदूक म्हटलं की दोनच आठवतात, भाऊकाकांची ठासणीची आणि दिवाळीतली टिकल्यांची. आणि दुसरं म्हणजे, या गोष्टीत मी एका पोलिसाशी खोटं बोलले आहे. आईने हे वाचलं तर रविवारच्या फोनवर माझी खरडपट्टी निघणार हे नक्की. निघू दे.

तर सुरुवात छपरापासून.

फिनिक्सला पाऊस पडतो म्हटलं की पुण्याचे लोक हसतात. पण पडतो हो! जुलै-ऑगस्टात इथेही मान्सूनच येतो, नावही तेच. आधी धुळीची एक भिंत चालून येते, आकाश विटकरी होतं, आणि मग अर्धा तास असा काही कोसळतो की रस्त्यांचे ओढे होतात. २०२१ चा उन्हाळा त्यातल्या त्यात चांगला भिजका होता. अशाच एका पावसानंतर आमच्या मागच्या खोलीच्या छताला चहाच्या बशीएवढा डाग दिसला. छप्पर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. तो शिडी लावून वर गेला, दहा मिनिटांनी खाली आला आणि माझ्या हातावर त्याने एक चेपलेला, तांबूस रंगाचा तुकडा ठेवला. मला वाटलं खिळ्याचं डोकं असेल.

"गोळी आहे," तो म्हणाला. कौल फुटलं होतं, त्याखालचं डांबरी कापड फाटलं होतं, आणि ती प्लायवूडमध्ये रुतून बसली होती. पाणी तिथूनच झिरपत होतं. नव्या वर्षानंतर अशा सापडतात कधीकधी, असं तो अगदी सहज म्हणाला, म्हणजे आपल्याकडे पन्हळीत कावळ्याचं घरटं सापडलं हे ज्या सुरात सांगतील त्या सुरात. मग त्याने कौलाचे आणि मजुरीचे पैसे सांगितले आणि गेला.

ती खोली लेकीची. ती एरवी सिअ‍ॅटलला असते, पण २०२० साली करोनामुळे ऑफिस बंद झालं आणि ती घरी आली, ती वर्षभर राहिली. तिचा पलंग भिंतीला लागून आहे आणि डाग पलंगावर नव्हता, दोन हात अलीकडे होता. हे मी त्या दिवशी टेप लावून मोजलं. (का मोजलं, विचारू नका.) पण मोजून झाल्यावर मला जे आठवलं ते पलंगाचं नव्हतं. ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री बारा वाजता लेक खोलीत नव्हतीच. पार्ट्या बंद होत्या, म्हणून ती मागच्या अंगणात, त्याच खोलीच्या भिंतीला टेकून, फोनवर मैत्रिणींशी बोलत उभी होती.

इथे आता मागे जायला हवं, कारण अंगणात फोनवर बोलत उभ्या असलेल्या मुलीची गोष्ट या गावातल्या आमच्या वयाच्या प्रत्येकाला माहीत आहे.

आम्ही १९९८ साली इथे आलो. टेंपीत लहानसं अपार्टमेंट, लेक दोन-अडीच वर्षांची, नवरा सकाळी गाडी घेऊन जायचा आणि मी दिवसभर घरात. इंग्रजी सुधारावं म्हणून मी पेपर अथपासून इतिपर्यंत वाचायची. १४ जून १९९९ ला फिनिक्समध्ये शॅनन स्मिथ नावाची चौदा वर्षांची मुलगी स्वतःच्या घराच्या मागच्या अंगणात फोनवर बोलत होती, आणि कोणीतरी कुठेतरी झाडलेली एक गोळी तिच्या डोक्यात येऊन लागली. ती गेली. तिने नुकतीच आठवी संपवली होती. गोळी कुणाची ते शेवटपर्यंत उलगडलं नाही. तिचा कोणावर राग नव्हता, कोणाचा तिच्यावर नव्हता. ज्याने झाडली त्याला कदाचित आजही माहीत नसेल.

त्या वेळी इथे शहरात गोळी झाडणं हा गुन्हा होता, पण किरकोळ. मिसडिमीनर. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि २००० साली अ‍ॅरिझोनाच्या विधिमंडळाने कायदा बदलला. लोक त्याला शॅनन्स लॉ म्हणतात. गुन्हेगारी स्वरूपाच्या बेपर्वाईने कोणीही शहराच्या हद्दीत, किंवा बाहेरून हद्दीच्या आत जाईल अशी, गोळी झाडली तर ती फेलनी. फेलनीच्या सहा पायऱ्यांतली सगळ्यात खालची, सहावी. पण फेलनी ती फेलनीच. तुरुंग होऊ शकतो, मताचा हक्क निदान शिक्षा पुरी होईपर्यंत जातो, बंदूक बाळगायचा हक्क जातो, आणि नोकरीच्या प्रत्येक अर्जावर त्या एका चौकटीपाशी पेन अडतं.

अपवाद आहेत. नेमबाजीची रीतसर जागा असेल तर चालतं. पोलीस प्रमुखाची खास परवानगी असेल, नुसत्या दारूची खोटी काडतुसं असतील, वस्ती असलेल्या कुठल्याही इमारतीपासून एक मैलाहून लांब असाल, किंवा जनावर अंगावर धावून आलं असेल आणि जीव वाचवायला झाडली असेल, तर चालतं.

गंमत अशी की हे राज्य बंदुकीच्या बाबतीत अमेरिकेतल्या सगळ्यात सैल राज्यांपैकी एक आहे. २०१० पासून तर एकवीस वर्षांच्या कुणाही सज्ञान माणसाला, त्याच्यावर कायद्याने बंदी नसेल तर, पिस्तूल कपड्याखाली लपवून न्यायलाही परवाना लागत नाही. आणि शहरांना आपापले कडक नियम करता येत नाहीत, बंदुकीचे नियम राज्यच करणार. टूसॉन शहराने जप्त केलेल्या बंदुका नष्ट करायचा स्वतःचा नियम केला होता. २०१७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो चालणार नाही असा निकाल दिला. म्हणजे बाळगा, मिरवा, कमरेला लावून दुकानात जा, सगळं खपवून घेतलं जातं. पण शहरात चाप ओढला की फेलनी. मला आधी हे चक्रमपणाचं वाटायचं. आता तितकं वाटत नाही.

कारण भाऊकाका.

गुहागरजवळच्या आमच्या वाडीत भाऊकाकांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती. नळीतून दारू ओतायची, नारळाचा काथ्या ठासायचा, छरे, वर पुन्हा काथ्या. हे सगळं होईपर्यंत रानडुक्कर अर्धी केळी खाऊन घरी परतायचं. त्या एका बंदुकीसाठी कलेक्टर कचेरीचा कागद, त्याचं नूतनीकरण, आणि निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. काका म्हणायचे, "डुकरांना कळतं आचारसंहिता लागली ते." म्हणजे तिकडे सगळा कायदा बंदूक जवळ ठेवण्याभोवती होता. ती वाजवायची कशी हे मात्र कायद्याने नाही, काकांनी शिकवलं. शिकवलं म्हणजे मला नाही, आतेभावांना. मी पडवीत बसून ऐकायची. "बार काढायच्या आधी डुकराकडे बघायचं नाही, डुकराच्या मागे काय आहे ते बघायचं." वानरांना हाकलायला ते छरे घालायचेच नाहीत, नुसत्या दारूचा आवाज. वर आंब्यात, माडात माणूस असायचा ना कुणी ना कुणी.

(भारतातही आता वाजवण्यावर वेगळं कलम आहे. उत्तरेकडे लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडायची हौस फार, आणि त्यात नवरदेवापासून वाढप्यापर्यंत माणसं मेली आहेत. २०१९ च्या शस्त्र कायद्याच्या दुरुस्तीत आनंदापोटी केलेला गोळीबार नाव घेऊन आला. दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.)

हवेत झाडली की गोळी हवेतच विरते, असं पुष्कळ लोकांना मनापासून वाटत असावं. मलाही पहिली पन्नास वर्षं वाटत होतं बहुधा, कारण मी विचारच केला नव्हता. छपरातून तुकडा निघाल्यावर आठवडाभर मी रात्री हेच वाचत बसायची. १९२० च्या सुमारास अमेरिकन सैन्यातल्या हॅचर नावाच्या अधिकाऱ्याने फ्लोरिडात पाण्यात एक मचाण बांधून त्यावरून सरळ आकाशात गोळ्या झाडून पाहिल्या. पाचशेहून जास्त झाडल्या, त्यातल्या मचाणावर परत पडल्या फक्त चार. रायफलच्या त्या गोळ्या खाली येताना सेकंदाला साधारण तीनशे फुटांनी येतात असं त्याने काढलं. माणसाची कातडी फुटायला दोनशेच्या आसपास पुरतात. आणि हे सरळ वर झाडली तर. तिरकी झाडली तर ती फिरत, टोक पुढे ठेवून, बराच जोर राखून जाते. साधी पिस्तुलाची गोळीही मैलाहून लांब जाऊ शकते. कायद्यातला तो एक मैल मला तेव्हा कळला.

लॉस एंजेलिसच्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९८५ ते १९९२ मधले वरून पडलेल्या गोळ्यांचे जखमी मोजले होते. ११८. त्यातले ३८ गेले. पोर्तो रिकोत २००३ संपून २००४ लागताना, एका रात्रीत, १९ जण जखमी झाले आणि एक मेला. हे आकडे मी जेवताना नवऱ्याला सांगितले तर तो म्हणाला, वाचणं बंद कर आणि पोलिसांना फोन कर.

फोन का केला नव्हता, तर मागच्या भिंतीमुळे.

आमचं घर फिनिक्सच्या पूर्वेकडच्या एका उपनगरात, शहराच्या अगदी कडेला आहे. कडेला म्हणजे नकाशावर मध्येच! इथे शहरं वाढताना शेतजमिनी गिळत गेली आणि काही मालकांनी आम्ही येत नाही म्हटलं. ते तुकडे शहराच्या पोटात राहिले, चारी बाजूंनी शहर आणि आत काउंटी. काउंटी आयलंड म्हणतात, बेटच. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे असं एक बेट होतं. तीन एकर, दोन घोडे, कोंबड्या, मोसंब्यांची जुनी झाडं आणि एक म्हातारे गृहस्थ. आम्ही घरात त्यांना घोडेवाले आजोबा म्हणायचो. त्यांचं खरं नाव लिहीत नाही.

आजोबा दर नव्या वर्षाला बरोबर बारा वाजता बंदूक उडवायचे. एक बार, मग थोडं थांबून दुसरा. २००४ साली आम्ही इथे राहायला आलो तेव्हापासून. पहिल्या वर्षी मी दचकले, मग सवय झाली. आवाजही भाऊकाकांच्या बंदुकीसारखा, जाड, दमदार, शॉटगनचा. आम्ही त्याला आजोबांचा तोफखाना म्हणायचो. शेवटच्या काही वर्षांत त्या दोन बारांच्या मागोमाग दुसरा एक आवाज यायला लागला होता. टप्-टप्-टप्-टप्, भराभर, पातळ. नातवंडं मोठी झाली होती, सुट्टीला यायची, अंगणात गाड्या दिसायच्या. इथे २०१० पासून काही प्रकारचे फटाके विकायला परवानगी आहे, त्यामुळे त्या रात्री काय कुठून वाजतंय ते कुणालाच नीट कळत नाही. मी ते फटाक्यांत जमा केलं होतं. निदान तसं म्हणत होते.

आता त्या जानेवारीचं सांगते. २०२१ चा जानेवारी, लस अजून आमच्यापर्यंत आली नव्हती. आधी नवरा पडला, चार दिवसांनी मी. लेक तिच्या खोलीत कोंडलेली. आजोबांना कसं कळलं कोण जाणे (नवऱ्याचा खोकला भिंतीपलीकडे जात असणार), रोज सकाळी भिंतीवर एक बादली असायची. अंडी, मोसंबी, एकदा सूप. आम्ही दोघं शाकाहारी आहोत हे त्यांना आठवत होतं. सूपच्या डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, यात कोंबडी नाही. नवऱ्याचा ऑक्सिजन खाली गेला त्या रात्री रुग्णालयात नेलं तेही त्यांनीच, स्वतःच्या ट्रकमध्ये, खिडक्या उघड्या टाकून, पंच्याहत्तरी उलटलेला माणूस. मला गाडी चालवायची ताकद नव्हती आणि लेकीला ते म्हणाले, तू आईपाशी थांब.

या माणसाबद्दल मी पोलिसांना काय सांगू?

तरी फोन केला. तरुण पोलीस आला, अतिशय सभ्य. छत बघितलं, फोटो काढले, तुकडा पिशवीत घातला. नाइन मिलिमीटर वाटते म्हणाला, आणि तिरकी आली आहे. किती दुरून, सांगता येणार नाही. कधी, तेही नाही. मग त्याने वही काढून विचारलं, "या भागात कोणी गोळ्या झाडतं असं तुमच्या माहितीत आहे का?"

मी नाही म्हटलं.

नवरा शेजारी उभा होता. तोही काही बोलला नाही. पोलिसाने नाही लिहून घेतलं, तक्रारीचा क्रमांक दिला आणि गेला. मागची भिंत त्याच्या पाठीमागे होती, घोडा फुरफुरल्याचं ऐकूसुद्धा येत होतं.

मी नंतर स्वतःला पुष्कळ समजावलं. आजोबांची जमीन हद्दीबाहेर, तिथे शहराचा प्रश्न नाही. पण कायद्यात बाहेरून आत गेलेली गोळीही आहे, आणि भिंतीपासून आमच्या छपरापर्यंत चाळीस पावलं. आजोबांची शॉटगन, छरे वर गेले तर पावसासारखे पडतात, त्याने कौल फुटत नाही. खरं आहे. पण मला प्रश्न शॉटगनचा विचारलाच नव्हता. एवढ्या जवळून आली असती तर जवळजवळ उभी पडली असती, तिरकी म्हणजे लांबूनच. हेही बहुधा खरं. बहुधा.

आणि दुसऱ्या बाजूला हे, की ती टप्-टप् कोणाची होती? वीस-एकवीस वर्षांचा एक मुलगा होता नातवांत, बारीक, लाजाळू. आजोबांच्या घोड्यांना खरारा करायचा. माझ्या एका वाक्याने त्याच्या दारात पोलीस उभे राहिले असते, आणि सिद्ध झालं असतं तर फेलनी. मी शॅननच्या आईवडिलांचा विचार केला की मला वाटायचं, अशी शिक्षा हवीच. मुलाचा विचार केला की फोन उचलवत नव्हता. शिक्षा किरकोळ होती तेव्हा पोलीस तपास करत बसत नसत असं म्हणतात. ती जड झाली आणि फोन माझ्यासारखीला जड झाला. वरून पडलेल्या गोळीवर नाव नसतं. ती कुणाची हे शेजाऱ्यांनी सांगितलं तरच कळणार. आणि शेजारी मी होते.

दहा-बारा दिवस असे गेले. मग एका संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, मी फिरून पलीकडच्या रस्त्याने आजोबांच्या फाटकाशी गेले. तुकडा पोलिसांकडे होता, पण माझ्या फोनमध्ये फोटो होते. कौलाचा, प्लायवूडचा, तळहातावरच्या तुकड्याचा. काही न बोलता दाखवले. त्यांनी चष्मा लावला, एकेक फोटो मोठा करून बघितला. नाइन मिलिमीटर, ते म्हणाले. मी म्हटलं, हो, पोलीसही तेच म्हणाला. पोलीस म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"त्याने विचारलं, इथे कोणी झाडतं का," मी म्हटलं. "मी नाही म्हणून सांगितलं."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, मी फक्त शॉटगन उडवतो. मी म्हटलं, मला आवाज ओळखता येतो, माझ्या काकांची तशीच होती. त्यांनी विचारलं, काय मारायचे? मी रानडुकराचं सांगितलं, काथ्या ठासण्याचं सांगितलं, डुकराच्या मागे बघायचं ते सांगितलं. ते हसले, आमचे वडीलही हेच सांगायचे म्हणाले. मग पुन्हा गप्प.

"मुलगी कुठे होती तेव्हा?"

अंगणात, मी म्हटलं. फोनवर.

ते या गावात जन्मापासूनचे. १९९९ सालीही इथेच होते. यापुढे मला काही सांगावं लागलं नाही. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि मला अंडी दिली. नको नको म्हणताना डझनभर दिली.

नातवाबद्दल मी विचारलं नाही, त्यांनीही विषय काढला नाही. परत येताना मला स्वतःचा रागच आला. पोलिसाशी खोटं बोलून, वर त्या माणसाला ते ऐकवून, मी त्यांच्यावर उपकार चढवले होते की धमकी दिली होती? लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, तुझं दोन्ही झालं." ती या देशात वाढलेली. तिचं म्हणणं मी पोलिसाला सगळं सांगायला हवं होतं, कारण तिच्या जागी पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाची मुलगी असेल. नवऱ्याचं म्हणणं, ज्याच्या ट्रकमध्ये मी जगलो त्याच्यावर मी बोट दाखवणार नाही. जेवणाच्या टेबलावर दोघंही खरं बोलत होते आणि मी पोळ्या वाढत होते.

३१ डिसेंबर २०२१. लेक परत सिअ‍ॅटलला गेली होती. आम्ही दोघं पावणेबारापासून घरातच, मागच्या खोलीत दिवा न लावता खिडकीशी. पलीकडे आजोबांच्या अंगणात दिवे होते, गाड्या होत्या. मी मोजल्या, चार. हसण्याचे आवाज येत होते. बारा वाजले आणि चहूकडून सुरू झालं. लांबून काही जाड, काही पातळ, फटाके कुठले आणि बाकीचं कुठलं, देव जाणे. पोलीस दर वर्षी आधी आठवडाभर सांगत असतात, तरीही. भिंतीपलीकडून काहीही आलं नाही. जाड नाही, पातळही नाही. मी पंधरा मिनिटं उभी होते. मग कोणीतरी तिथे पत्र्याच्या पिंपावर काठीने बडवायला लागलं, आणि बाकीचे ओरडायला लागले.

त्यानंतर ते तिथे होते तोवर, दोन वर्षं, पिंपच वाजलं.

२०२४ साली आजोबा मुलीकडे टेक्ससला गेले. जाताना घोडे विकले, मोसंब्यांच्या झाडांचं काय करायचं असं मलाच विचारत होते. जमीन एका बांधकामवाल्याने घेतली, आणि घेतल्यावर ती शहरात सामील झाली. त्याशिवाय पाणी आणि गटार मिळत नाही. म्हणजे बेट गेलं. आता भिंतीपलीकडे नऊ घरं होत आहेत, त्यातल्या दोनांवर कौलं चढली आहेत. आमच्यासारखीच, त्याच रंगाची. आमच्या छपरावर ते एक बदललेलं कौल मात्र अजून वेगळं दिसतं, जरा लालसर. रस्त्यावरून बघितलं तर कळतं. छपरवाला म्हणाला होता की दोन-तीन उन्हाळ्यांत उन्हाने सारखं होईल, पण झालेलं नाही.